शेजाराबाहेरचा माणूस : शहरी गरीब वस्ती, अपंगत्व आणि मराठी कलाकृती

प्रस्तावना

विजयदुर्गच्या बंदरातून मुंबईकडे जाणाऱ्या आगबोटींनी देवगड तालुक्याच्या कित्येक पिढ्या गिरणगावात पोहोचविल्या. सिंधुदुर्गाचे अर्थकारण दीर्घकाळ मनिऑर्डरीवर उभे राहिले, हे आता सर्वमान्य झाले आहे. गणपतीला व शिमग्याला गावी येणारा चाकरमानी हा कोकणच्या लोकव्यवहारात आणि मराठी नाटक-कादंबरीतही रुजलेला माणूस आहे. परंतु त्याच बोटीतून आणखी एक माणूस परतत असे. यंत्रात हात गेलेला, कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेला, अपघाताने चालणे गमावलेला किंवा मनाचा तोल ढळलेला हा माणूस कायमचा परतत असे. त्याच्या परतण्याचा सोहळा नव्हता आणि साहित्यानेही त्याची फारशी नोंद घेतली नाही.

शहरातील गरीब वस्ती अपंग व्यक्तीला आपल्यात कशी सामावून घेते, हा प्रश्न सामान्यतः समाजकार्य व नगररचना या अभ्यासशाखांचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो समीक्षेचा प्रश्न म्हणून विचारात घेतला आहे. जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरी व 'नातीगोती' हे नाटक, संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' हा चित्रपट आणि नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन, या चार कृतींच्या आधारे एक प्रतिपादन येथे करावयाचे आहे. आपल्या कलाकृतींनी गरीब वस्तीतील अपंगत्वाला खुणेचे, कौटुंबिक दुःखाचे किंवा परतीच्या प्रवासाचे रूप दिले. मात्र अपंग व्यक्तीला 'शेजारी' म्हणून त्यांनी क्वचितच पाहिले. हीच उणीव पुनर्वसनाच्या नियमांतही आढळते, आणि हा योगायोग नव्हे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. शासकीय व्यवहारात आज 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. येथे विचारात घेतलेल्या बहुतेक कृती त्यापूर्वीच्या असल्याने लेखात 'अपंग' हाच शब्द योजिला आहे.

पाळीची खोली

गिरणगावातील कोकणी कामगाराची वस्ती समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. एकेका गावच्या पुरुषांनी मिळून चाळीत एक खोली घ्यावयाची, जेवणासाठी एखाद्या बाईच्या खानावळीत नाव घालावयाचे आणि भिंतीशी आपापली ट्रंक व वळकटी ठेवावयाची, अशी ही व्यवस्था होती. दहा-बारा माणसांना पुरणारी जागा वीस-पंचवीस जणांना पुरत असे, याचे कारण गिरणीच्या पाळ्यांमध्ये होते. एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा पाठ टेकीत असे. या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, नव्याने आलेल्या पोराला गिरणीत चिकटविणे ही कामे या मंडळांनी निष्ठेने केली. भारतीय शहराने निर्माण केलेल्या सामूहिक जीवनाचा हा एक उत्तम नमुना होय, हे नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे.

तथापि या व्यवस्थेचे गणितच असे होते की जो पाळीवर जाऊ शकत नाही, त्याला खोलीत जागा उरत नाही. दिवसभर अंथरुणावर असलेला माणूस दुसऱ्याची झोप अडवितो. येथे कोणाच्या निर्दयतेचा प्रश्न नाही. सोबतीच वर्गणी काढीत, त्याला बोटीवर बसवीत, कोणीतरी त्याच्याबरोबर गावापर्यंत येत असे. 'गावी पाठविणे' ही गरीब शहरी समूहाची माया होती, आणि तीच त्याची मर्यादाही होती. सामावून घेण्याची अट श्रमक्षमता ही असल्याने, ती गमावलेल्या व्यक्तीबाबत समूहाचे अखेरचे कर्तव्य तिला निरोप देणे हेच ठरले.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचे मोल टक्केवारीत मांडलेले होते. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली, असे तेथे धरले जात असे. भरपाईच्या दृष्टीने ही तरतूद पुरोगामीच होती. परंतु त्या अंगठ्याबरोबर खोलीतील जागा, खानावळीतील पान आणि मंडळातील शब्दही जातो, याची गणना कोणत्याही परिशिष्टात नाही. हे नुकसान मोजण्याचे काम साहित्याचे होते. ते साहित्याने कितपत केले, हे आता पाहावयाचे आहे.

'चक्र' : खूण झालेले शरीर

जयवंत दळवी हे वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे. त्यांची 'चक्र' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या झोपडपट्टीचे जीवन कोणताही भाबडेपणा न ठेवता मराठी कादंबरीत आणणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या कृतींत तिची गणना होते. भूक, कामवासना, गुन्हा आणि मृत्यू यांच्या फेऱ्यात सापडलेली माणसे दळवींनी ज्या निर्भीडपणे रेखाटली, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. या कथेतील मोडलेले शरीर कशासाठी येते? रवींद्र धर्मराज यांनी या कादंबरीवर १९८१ साली केलेल्या हिंदी चित्रपटात हे अधिक ठळकपणे दिसते. नसीरुद्दीन शहा यांनी साकारलेला लुका प्रारंभी वस्तीवर रुबाब गाजवितो. पुढे गुप्तरोगाने खंगतो. त्याचे शरीर कोसळणे हे वस्तीच्या अटळ फेऱ्याचे दृश्य प्रमाण ठरते. वाचकाला वा प्रेक्षकाला त्या शरीराकडे पाहून 'ही वस्ती माणसाला अशी खाते' हा निष्कर्ष काढावयाचा असतो. निष्कर्ष खोटा नाही, परंतु तो निघाल्यावर त्या शरीराचे काम संपते. त्या शरीरानिशी जगणाऱ्या माणसाला सकाळी नळावर पाणी कोण भरून देते, सार्वजनिक शौचालयापर्यंत तो कसा जातो, त्याच्याशी कोण बोलते, हे प्रश्न कथनाच्या कक्षेत येत नाहीत.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. त्याच सुमारास दळवींनी 'सारे प्रवासी घडीचे' मध्ये कोकणातील खेड्याची माणसे रंगविली. तेथील प्रत्येक विक्षिप्त, अर्धवट, जगावेगळा माणूस स्वतःच्या नावानिशी उभा राहतो. गाव त्याची थट्टा करते, परंतु त्याला वगळत नाही. गावाच्या गप्पांत त्याची जागा ठरलेली असते. खेड्याचे हे चित्र काहीसे मायेने सजविलेले आहे, हा आक्षेप ग्राह्य आहे. तरीही एकाच लेखकाला खेड्यात जे वेगळेपण व्यक्तित्व म्हणून दिसले, ते शहराच्या झोपडपट्टीत केवळ अवनतीची खूण म्हणून दिसावे, ही बाब लक्षणीय होय. शहरी गरिबांच्या वस्तीलाही शेजार असतो, यावर लेखकाचा विश्वास बसलेला नाही.

'चक्र' च्या चारच वर्षे आधी, १९५९ साली, मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला. भिक्षा मिळविण्याच्या हेतूने जखम, व्रण, व्यंग वा रोग उघडा दाखविणे याचाही त्या कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत समावेश केला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या त्यातील प्रमुख दंडात्मक तरतुदी रद्द केल्या. कायदा आणि कादंबरी यांचे हेतू परस्परविरोधी आहेत; एकाला रस्ता निर्वेध हवा होता, दुसरीला आपली झोप मोडावयाची होती. परंतु रस्त्यावरील अपंग शरीर हे प्रथम 'प्रदर्शन' आहे, हे गृहीतक दोघांतही समान आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) ने या दृष्टीला जबर तडा दिला, हे नोंदविले पाहिजे. तेथे सडलेले, रोगग्रस्त शरीर पाहणाऱ्याच्या दयेचा विषय राहत नाही, ते पाहणाऱ्यावर आरोप ठेवते. मात्र तो आरोप समूहाचा आहे. त्या समूहात अपंग व्यक्तीचे स्वतःचे स्थान कोणते, हा प्रश्न तेथेही पुढे आला नाही.

'नातीगोती' : दाराआडचे दुःख

'चक्र' नंतर अनेक वर्षांनी दळवींनीच 'नातीगोती' लिहिले. त्या काळच्या भाषेत 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या मुलाचे मध्यमवर्गीय आईवडील हा या नाटकाचा विषय. मराठी रंगभूमीवर बौद्धिक अपंगत्व इतक्या गांभीर्याने, आणि विनोदाचा आधार न सोडता, क्वचितच आले असेल. दिलीप प्रभावळकर, स्वाती चिटणीस आणि मुलाच्या भूमिकेतील अतुल परचुरे यांच्या अभिनयाने ते प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.

दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचल्यास जो फरक जाणवतो तो केवळ वाङ्मयप्रकाराचा नाही. झोपडपट्टीत मोडलेले शरीर ही खूण होती. फ्लॅटमध्ये तेच अपंगत्व एका कुटुंबाचे दुःख बनते. आईवडिलांना मन मिळते, भूतकाळ मिळतो, आपसातील अबोला आणि अपराधभाव मिळतो. अपंग मुलाला माया मिळते. याचा अर्थ असा की अपंगत्वाचे सूक्ष्म चित्रण करण्याचे सामर्थ्य लेखकापाशी निश्चित होते. ते सामर्थ्य वापरण्यासाठी त्याला दार लावून घेता येईल असे घर लागले. ज्यांच्या घराला दाराऐवजी गोणपाटाचा पडदा आहे, त्यांच्या अपंगत्वाला हे अंतर्मन लाभले नाही.

परंतु दाराची ही सोय नाटकाची मर्यादाही ठरते. आईवडिलांना छळणारा 'आमच्यानंतर याचे काय?' हा प्रश्न अखेरपर्यंत घरातच घुमत राहतो. तो चाळीला, सोसायटीला, गल्लीला विचारला जात नाही. शेजार आला तरी तो पाहणारा वा चुकचुकणारा म्हणून येतो. अपंगत्व ही ज्याच्या घरी आली त्याची खाजगी आपत्ती आहे, हे गृहीत मध्यमवर्गाने इतके पचविले आहे की त्याची जाणीवही राहिलेली नाही. येथे एक आक्षेप संभवतो : नाटकाकडून कल्याणकारी योजनेची अपेक्षा करणे हा समीक्षेचा दोष नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. नाटकाने उत्तर द्यावे, अशी मागणी येथे नाही. प्रश्न कोणाला विचारावयाचा, याची निवड मात्र नाटककारच करतो, आणि त्या निवडीची चिकित्सा करणे हे समीक्षेचेच काम आहे.

'श्वास' : परतीचा प्रवास

२००४ सालचा 'श्वास' हा कोकणाच्या वाचकाला अधिक जवळचा. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठीही पाठविला गेला. कोकणातील आजोबा नातवाच्या डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात येतात. कर्करोग असल्याने प्राण वाचवावयाचे तर दृष्टी जाणार, हे त्यांना कळते. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सत्य सांगितले पाहिजे, हा डॉक्टरांचा आग्रह आणि दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखविण्यासाठी त्याला रुग्णालयातून परस्पर घेऊन जाणारे आजोबा, या दोहोंत चित्रपटाचे सारे नाट्य साठले आहे.

अपंग होऊ घातलेल्या मुलाला विश्वासात घेणे हा त्या मुलाचा हक्क आहे, ही भूमिका चित्रपट ठामपणे घेतो. आजवरच्या कृतींच्या तुलनेत हे पाऊल मोठे आहे. परंतु शहर येथे रुग्णालयापुरते आणि पाहण्यापुरते आहे. निदान शहरात होते, शस्त्रक्रिया शहरात होते आणि आयुष्य मात्र गावात जगावयाचे असते. चित्रपट मुलाच्या परतण्यापाशी थांबतो. त्याच्या आशयाच्या दृष्टीने तो शेवट उचित आहे, पण येथील शिक्षकाला त्यापुढचे दिसत राहते : अंध मुलाला शिकविणारी शाळा, कातळातील पायवाट, एसटीचा थांबा. गिरणगावातील खोलीने जे केले तेच येथे अधिक हळुवारपणे घडते. शहर आपले काम आटोपते आणि उरलेली जबाबदारी गावाच्या ओंजळीत ठेवते.

या संदर्भात जनगणनेचे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २.६८ कोटी अपंग व्यक्तींपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात होत्या. एकूण लोकसंख्येतील ग्रामीण वाटाही तितकाच होता, म्हणून या आकड्यावरून शहराला दोष देता येत नाही. तथापि व्यक्ती कोठे मोजली गेली एवढेच जनगणना सांगते. ती कोठे अपंग झाली आणि कोठून परतली, हे सांगत नाही. जो इतिहास आकड्यांत मावत नाही त्याच्यासाठी कथनाची गरज असते.

'चाकाची खुर्ची' : स्वतःचा आवाज

नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन या विवेचनात वेगळे ठरते, कारण येथे अपंग व्यक्ती पाहिली जात नसून स्वतः पाहते. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालची शक्ती गमावलेल्या या लेखिकेने कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' या संस्थेची उभारणी केली. या संस्थेचे काम सिंधुदुर्गातही पोहोचले असून कुडाळ तालुक्यातील मोरे येथील 'स्वप्ननगरी'त काजूप्रक्रियेतून अपंगांना रोजगार मिळाला.

या लेखनात पायऱ्या, स्वच्छतागृह, चाकांच्या खुर्चीला न पुरणारे दार यांना कथानकाचे महत्त्व प्राप्त होते. इतर लेखकांना जे नेपथ्य वाटले, तेच येथे जीवनमरणाचे ठरते. अपंगत्व शरीरात किती आणि उंबरठ्यात किती, हा प्रश्न वाचकापुढे आपोआप उभा राहतो. त्याचबरोबर हेही दिसते की सन्मानाने जगण्यासाठी या व्यक्तींना स्वतःची वसतिगृहे, स्वतःची कार्यशाळा, एका अर्थी स्वतःची नगरीच वसवावी लागली. हे यश निर्विवाद आहे. पण ज्या गल्लीत, ज्या वाडीत त्या जन्मल्या, तेथेच ते का होऊ शकले नाही, हा प्रश्न या यशाने मिटत नाही.

नियमांची भाषा

कलाकृतींना जो दोष येथे दिला, तो नियमांच्या संहितांनाही लागू पडतो. बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(१०) हा नियम झोपडपट्टी पुनर्वसनाचा पाया होय. अपंग व्यक्ती असलेल्या किंवा स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या कुटुंबांना गाळेवाटपात प्रथम प्राधान्य द्यावे आणि उरलेल्या गाळ्यांसाठी सोडत काढावी, असे त्यात म्हटले आहे. तरतूद स्तुत्य आहे. मात्र तिची सीमा गाळ्याच्या दारापाशी संपते. झोपडीचे दार गल्लीत उघडत असे. चालता न येणारा माणूसही उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असे, लहान मुलांवर नजर ठेवीत असे, क्वचित बिडी-गोळ्यांचा व्यापारही करीत असे. बहुमजली इमारतीत त्याला २२५, पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचे पक्के घर देऊ करण्यात आले. परंतु उद्वाहन बंद पडले की तेच घर त्याचा तुरुंग बनते. झोपडीत हलाखी होती, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचा हेतू येथे नाही. 'घर' आणि 'शेजार' या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि नियमाने पहिलीचीच दखल घेतली, एवढेच म्हणावयाचे आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याची भाषा याहून पुढची आहे. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी त्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले, समुदायात राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमाने नोंदविला आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षणाची तरतूद केली. मात्र अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते. टक्केवारी शरीराची होते, जिन्याची होत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके आखण्याचा आदेश दिला. जिन्याचा हिशेब मागण्याची ही सुरुवात म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, 'चक्र' ने गरीब वस्तीतील मोडलेले शरीर दाखविले पण माणूस दाखविला नाही. 'नातीगोती' ने माणूस दाखविला पण त्याला घराबाहेर आणले नाही. 'श्वास' ने त्याला शहरातून सन्मानाने परत पाठविले. आणि 'चाकाची खुर्ची' ने त्याला स्वतःचा आवाज व स्वतःची जागा दिली, पण ती जागा वेगळी वसवावी लागली. नळाच्या रांगेत, गणेशोत्सवाच्या मंडपात, पतपेढीच्या बैठकीत, भांडणात आणि समेटात सहभागी असलेला अपंग शेजारी मराठी साहित्यात अद्याप यावयाचा आहे. तो प्रत्यक्षात नाही म्हणून साहित्यात नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. वस्त्यांमधून तो आहे. त्याच्याकडे पाहण्याची आपली सवय अपुरी आहे.

सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या प्रश्नाला निकटचे महत्त्व आहे. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या घरी, पडवीतल्या खाटेवर, मुंबईहून परतलेला एखादा चुलता वा आजोबा असण्याचा संभव मोठा आहे. 'चक्र' आणि 'नातीगोती' स्वतंत्रपणे न शिकविता एकत्र शिकवाव्यात, आणि त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीतील परतलेल्या माणसांच्या, त्यांच्या संमतीने, मुलाखती नोंदवाव्यात, असा प्रकल्प मराठी, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांना मिळून हाती घेता येईल. त्या मुलाखतीत अपघात कसा झाला, हे तर विचारावेच. त्याहून अगत्याने विचारावे की, त्या दिवसानंतर खोलीतील वळकटी कोणी आवरली, बोटीवर वा गाडीवर सोडावयास कोण आले, आणि पुढे पत्र कोणी धाडले. या उत्तरांतून जी सामग्री हाती येईल, तिच्या आधारे गिरणगावाचा व त्यानंतरच्या झोपडपट्टीचा इतिहास निराळ्या दृष्टीने लिहिणे शक्य होईल. आणि कदाचित एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून ती कादंबरीही लिहिली जाईल.